जोतं तपासण्याआधी खड्डा तपासा

प्रति,
मुख्याधिकारी, नगररचना अधिकारी, सरपंच आणि ग्रामसेवक,
पैठणपासून धर्माबादपर्यंत गोदाकाठची सर्व गावं आणि शहरं

महोदय,

बांधकाम परवानगीच्या फायलीत काय असतं ते आम्हाला पाठ आहे, कारण त्या फायली आम्हीच तयार करतो. सातबारा, मोजणीचा नकाशा, मजल्यांचे प्लॅन, एलिव्हेशन, समासातली अंतरं (हद्दीपासून सोडायची जागा), पार्किंग. जमिनीच्या वर काय उभं राहणार याचा सेंटिमीटर न् सेंटिमीटर कागदावर असतो. जमिनीखालचं म्हणाल तर पायाचा एक सेक्शन असतो आणि तोही बहुतेक वेळा मागच्या फायलीतून उचललेला. खोली पाच फूट, फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) चार बाय चार. प्लॉट पैठणचा असो की गंगाखेडचा, आकडे तेच.

आमची मागणी अशी आहे. परवानगीसोबत त्याच प्लॉटच्या मातीचा अहवाल आणि त्या मातीसाठी काढलेलं पायाचं ड्रॉइंग सक्तीचं करा. आणि आपला माणूस जोतं तपासायला येतो, त्याच्या आधी एकदा उघड्या खड्ड्यापाशी येऊ द्या. आज तपासणी जोत्याला होते. तोवर फुटिंग गाडलेलं असतं, भराव दाबलेला असतो. टेपनं समास मोजता येतो, बाकी सगळं मातीआड गेलेलं असतं.

गोदाकाठची जुनी गावठाणं पांढरीवर आहेत आणि शेती काळीत. गेल्या काही वर्षांत कापसाच्या आणि उसाच्या रानांचे लेआउट पडले आणि प्लॉट थेट नदीच्या दरडीपर्यंत पोचले. निवृत्तीचा पैसा हातात आला की माणसाला नदी दिसेल असं घर हवं असतं. नदीकडे उघडणारा दुमजली उंचीचा हॉल, मोठ्या काचा, पुढे झेपावलेली गॅलरी. हौस चुकीची नाही. पण या जागेवर तीन अडचणी एकदम येतात: फुगणारी काळी माती, तिच्याखाली नदीनं टाकलेला खोल गाळ आणि पूर. प्रत्येकीवर उपाय आहे. अवघड भाग असा की एकीचा उपाय दुसरीला वाढवतो, आणि परवानगीच्या कागदावर हा गुंता कुठेच दिसत नाही.

आधी माती. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात रानात मनगट जाईल अशा भेगा पडतात त्या याच्यामुळे. फुगण्याचा दाब चौरस मीटरला २० ते ३० टनांपर्यंत जाऊ शकतो. एकमजली घराच्या भिंतीखाली याच्या निम्माही भार भरत नाही, म्हणून हलकं घर जास्त उचललं जातं. ‘एकच तर मजला आहे, एवढा पाया कशाला?’ हा प्रश्न आम्हाला रोज ऐकावा लागतो. काळ्या मातीत तो उलटा आहे.

नवं घर उभं राहिलं की मधल्या जमिनीची वाफ बंद होते. खालची ओल वर येते आणि फरशीखाली अडकते. दोन-तीन पावसाळ्यांत घराचा मधला भाग वर येतो, कडा मात्र दर उन्हाळ्यात वाळून खाली बसतात. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ती वरच्या बाजूला रुंद असेल तर मधला भाग उचलला गेलाय किंवा कडा खचल्यात. खालच्या बाजूला रुंद असेल तर उलट: कडांना पाणी मिळतंय, बहुतेक पन्हाळीचा पाइप तिथेच सुटलाय. भेगेत सिमेंट भरून वर पुट्टी मारणारा मिस्त्री पुढच्या मे महिन्यात पुन्हा बोलवावा लागतो. पावसाळ्यात दार अडकणं आणि उन्हाळ्यात मोकळं होणं ही त्याच्याही आधीची खूण.

माती किती फुगते ते कळायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, भट्टीत वाळवलेली १० ग्रॅम माती १०० मिलीच्या एका मापाच्या नळीत घालायची, तेवढीच दुसऱ्या नळीत. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत केरोसीन. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. केरोसीनमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. केरोसीनच्या नळीत ती ११ मिलीवर बसली आणि पाण्यात १९ वर, तर फरक ८, भागिले ११, म्हणजे सुमारे ७३ टक्के. २० च्या खाली असेल तर निवांत राहा, ३५ च्या वर गेली की सावध व्हा, ५० च्या वर असेल तर साधं फुटिंग विसरा. जवळपास कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी होऊ शकते.

नमुना मात्र वरच्या वीतभर मातीचा नको. जेसीबीनं किमान तीन मीटरचा खड्डा घ्या, शक्यतो घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर, आणि दर मीटरला आणि थर बदलला की नमुना काढा. खड्ड्याच्या कडा ढासळतात, तेव्हा माणूस आत उतरवण्याआधी बाजू उतरत्या कापून घ्या; सरळ उभ्या कडेच्या खड्ड्यात कुणाला उतरवू नका, आपल्या तपासनिसालाही नाही. नदीपासून लांब असलेल्या प्लॉटवर साधारण काळी, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, मग मुरूम आणि मांजऱ्या (कुजका मऊ खडक) असा क्रम लागतो. काठावर तो बिघडतो. तिथे काळीखाली गाळ, गाळाखाली वाळूचा पट्टा, पुन्हा चिकण गाळ, आणि मुरमाचा पत्ता नाही. शेजारच्या प्लॉटला आठ फुटांवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही लागेल हे काठावर धरून चालता येत नाही. जुना ओढा बुजवून पाडलेल्या लेआउटमध्ये तर एकाच घराचे दोन कोपरे वेगळ्या जमिनीवर येतात.

मुरूम अडीच-तीन मीटरच्या आत लागला तर काम सोपं आहे. फुटिंग मुरमावर न्या, त्यात किमान वीतभर घुसवा, खड्डा उघडा पडल्या दिवशीच १०० मिमी पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) टाका. रात्रभर उघडा राहिलेला आणि वर पाऊस झालेला तळ मऊ होतो. तो खरवडून काढल्याशिवाय पीसीसी नको. फुटिंगला कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) ५० मिमी, कॉलमला ४०. काँक्रीट एम २५ दर्जाचं, सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाणी २५ लिटरच्या आसपास. घमेल्यात सरबत दिसलं की सेंटरिंगवाला खूश होतो आणि काँक्रीट कच्चं राहतं. बोअरचं पाणी वापरणार असाल तर क्लोराइड तपासा, आरसीसीला लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

फुटिंग झालं की खड्डा भरताना गडबड होते. भोवती वाळू किंवा डबर टाकून ठेवतात, ‘पाणी निघून जाईल’ म्हणून. चारही बाजूंनी काळी माती असताना पाणी निघून जाणार कुठे? ते तिथेच साठतं आणि पायाला वर्षभर भिजवतं. भराव मुरमाचाच हवा, आणि मुरमातही थोडी न फुगणारी चिकण माती हवी, म्हणजे तो दाबल्यावर पाणी धरून ठेवणार नाही आणि सहज आत घेणारही नाही. दीडशे मिमीचे थर, प्रत्येक थराला बेताचं पाणी, प्रत्येक थरावर धुमस. काळ्या मातीवर असा न फुगणारा एकसंध थर सुमारे एक मीटर दिला की वरचा उठाव बराच आटोक्यात येतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी हे दाखवून दिलं आणि आपल्याकडच्या कालव्यांच्या अस्तरीकरणात ते वापरलं गेलं. घराच्या जोत्यात तेच तत्त्व लागू पडतं. प्रत्यक्षात काय होतं? पायातून निघालेली काळी माती उचलून टाकायचा खर्च नको म्हणून ती जोत्यातच भरली जाते, वर चार इंच मुरूम दिसण्यापुरता. दोन वर्षांनी हॉलच्या मधोमध फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात आणि दोष फरशीवाल्याला लागतो. आपल्या तपासनिसानं जोतं भरण्याआधी एक फोटो काढला तरी हे थांबेल.

मुरूम लागलाच नाही तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हे तंत्र आपल्या देशातल्या काळ्या मातीसाठीच उभं केलं. ड्रिलनं ३०० मिमीचा सरळ भोक घ्यायचा, किमान साडेतीन मीटर, कारण ऋतूबरोबर ओल-कोरडेपणा साधारण तिथपर्यंत बदलतो. तळाशी पाती उघडणाऱ्या हत्यारानं फुगा कापायचा, खांबाच्या अडीचपट, म्हणजे ७५० मिमी. वरची माती फुगून खांबाला वर ओढते तेव्हा हा फुगा खाली धरून ठेवतो. त्या ओढीमुळे गज पूर्ण लांबीभर हवेत. फक्त वरच्या दीड मीटरला गजांचा पिंजरा उतरवून खाली नुसतं काँक्रीट ओतलेले पाइल मध्येच तुटतात. चार मीटरच्या एका पाइलला फुग्यासह सुमारे ०.३५ घनमीटर काँक्रीट, नासधूस धरून सिमेंटच्या तीन गोण्या. वीस पाइलच्या घराला साठ गोण्या. एवढ्या सिमेंटची बचत करण्यासाठी अख्खं घर पणाला लावू नये.

फुगा खरंच कापला की नुसतं सांगितलं, हे वर आलेल्या मातीवरून कळतं. या मापाच्या फुग्याची जादा माती घट्ट असताना सुमारे ७० लिटर भरते, सैल होऊन नव्वदच्या आसपास. हत्यार आत घालून दोन फेऱ्या मारल्या आणि अर्धी बादली माती आली, तर फुगा झालेला नाही. नदीकाठी आणखी एक भानगड आहे: वाळूचा पट्टा लागला किंवा पाणी लागलं की फुग्याची छत ढासळते. विष्णुपुरी, ढालेगाव, मुदगल, बाभळी अशा बंधाऱ्यांत पाणी अडवलेलं असताना काठच्या जमिनीतलं पाणी वर असतं. अशा ठिकाणी बेंटोनाइट (भोकाच्या कडा धरून ठेवणारा चिकणमातीचा घोळ) घालून सरळ खोल पाइल किंवा राफ्ट (अख्ख्या घराखाली सलग स्लॅब), हा निर्णय भू-तांत्रिक अभियंत्याचा. ठेकेदाराच्या अंदाजावर तो सोडू नका.

पाइलवरचं, भिंती पेलणारं ग्रेड बीम जमिनीला टेकवायचं नाही. खाली किमान ८० मिमी पोकळी ठेवायची. मातीला फुगायला जागा मिळाली नाही तर ती बीम उचलते आणि पाइलचा सगळा खर्च पाण्यात. साइटवर मात्र बीमच्या तळासाठी मातीवरच पीसीसी करतात आणि ती तशीच राहते, कारण काढायची आठवण कुणाला होत नाही. ड्रॉइंगवर ही पोकळी ठळक दाखवलेली असावी आणि तपासनिसानं त्यात हात घालून पाहावा.

खोदाई शक्यतो दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरका. एप्रिल-मेमध्ये माती सगळ्यात कोरडी असते. त्या कोरड्या मातीवर ठेवलेला पाया पहिल्याच पावसात सगळ्यात जास्त उठाव झेलतो.

आता नदी. पूर चढताना दरड सहसा टिकते, ओसरताना ढासळते. धरणाचा विसर्ग कमी झाला की पात्रातली पातळी झपाट्यानं उतरते. काठाची चिकण माती मात्र आतून भिजलेलीच असते आणि तिला समोरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं. ऑगस्ट २००६ असो की सप्टेंबर २०२५, मोठ्या पुरानंतर काठाला समांतर पडलेल्या लांब भेगा पाहा. त्या भेगेच्या नदीकडच्या बाजूला काहीही बांधू नये. आमचा आडाखा असा: दरडीच्या पायथ्यापासून आडवं मोजलेलं अंतर दरडीच्या उंचीच्या किमान तिप्पट. आठ मीटरची दरड असेल तर चोवीस मीटर, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नदी काठ खाते, त्याहून जास्त. पूररेषेचं बंधन याहून वेगळं आहे. दोन्हींपैकी जे मोठं ते पाळावं. नदीकडे भिंत घालून दरड अडवू म्हणणाऱ्यांनी भिंतीच्या मागे पाणी निघायला भोकं आणि फिल्टर दिलाय का ते पाहावं. नसेल तर पहिल्या ओसरत्या पुरात भिंतच नदीत जाते.

निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळीच्या आत घर नाही. दोन्हींच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर. नियम स्पष्ट आहे, मोजणीत घोटाळा होतो. पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते आणि साइटवर जोतं मोजतात ‘रस्त्यापासून अडीच फूट’ असं. रस्त्याची पातळी दर डांबरीकरणाला बदलते. कायम खुणेवरून लेव्हल मशीननं पातळी प्लॉटवर आणून एका पक्क्या खांबावर लाल रंगानं लाल रेषा आखून द्या, हे काम आपल्या कार्यालयानं करावं. प्रत्येक घरमालकानं वेगळा सर्व्हेअर शोधावा ही अपेक्षा चालत नाही.

जोतं वर न्यायला बहुतेक जण अख्खा प्लॉट दीड-दोन मीटर मुरमानं भरतात. गाळावर हा भराव स्वतःच मोठा भार आहे. चौरस मीटरला तीन-साडेतीन टन. गाळ वर्षानुवर्षं हळूहळू दबतो, सोबत घर, आणि ओटा वेगळा, कंपाउंड वेगळं. शिवाय पाणी शेजाऱ्याच्या दारात. त्यापेक्षा घर खांबांवर उचलून खालून पाणी जाऊ देणं बरं. पण मग खालचा मजला मोकळा आणि वर भिंतींचं वजन, म्हणजे भूकंपात खांबांवरच सगळा घाव. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीनं काय केलं ते मराठवाड्याला सांगायला नको, आणि २०२४ मध्ये हिंगोली-नांदेडकडे धक्के बसलेच. मोकळ्या मजल्याचे खांब जाड हवेत, सांध्याजवळ रिंगा (उभ्या सळयांभोवतीचे वेढे) १०० मिमीवर, रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळवलेले, आणि प्रवाहाच्या दिशेला समांतर दोन-तीन काँक्रीटच्या भिंती. नव्वद अंशाचा हूक वाकवायला सोपा असतो, म्हणूनच तो सर्रास दिसतो. खांब ओतण्याआधी पाच मिनिटांत तपासून होतं.

पुरात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे कुणी पाहत नाही. रिकामी सेप्टिक टाकी तरंगते. बाहेरून ३ बाय दीड मीटर, उंची १.८, म्हणजे आठ घनमीटरहून थोडी जास्त. जमीन पूर्ण भिजली की तिला वर ढकलणारा जोर ८.१ टन. दीडशे मिमी भिंतीच्या काँक्रीट टाकीचं वजन भरतं साडेसात-पावणेआठ टन. वर माती नसेल तर ती उचलली जाते आणि पाइप तुटतात. हौदाचंही तेच. तळाचा स्लॅब बाहेर ३०० मिमी काढून त्यावर माती दाबली की प्रश्न मिटतो. पुराचा इशारा आल्यावर टाकी उपसायची नाही, भरलेली ठेवायची. ड्रेनेजच्या लाइनला उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह नसेल तर पुराचं पाणी दारातून येण्याआधी संडासातून येतं. शोषखड्डा घरापासून किमान ६ मीटर, पिण्याच्या विहिरी-बोअरपासून १८. काळ्या मातीत तो नीट शोषत नाही आणि भिंतीजवळ असेल तर पायालाच पाणी पाजतो. मीटर, इन्व्हर्टर, मोटारीचा स्टार्टर लाल रेषेच्या वर.

घराभोवती दोन मीटर रुंद पक्की फरसबंदी, मीटरला तीन सेंटिमीटर बाहेर उतार, पन्हाळ्या थेट नालीत. पायऱ्या आणि ओटा मुख्य भिंतीला जोडू नका, मध्ये २० मिमीचा सांधा ठेवा. निलगिरी, पिंपळ, सुबाभूळ झाडाच्या पूर्ण उंचीइतक्या अंतरावर. लॉनला रोज पाणी देणारा पाइप भिंतीला लागून असेल, तर भिंत उभी भेगाळल्यावर आम्हाला फोन करू नका.

आपल्याकडून लागणारं काम फार नाही. परवानगीच्या अर्जाला एक पान जोडा: खड्ड्याची खोली, थर, पाणी कुठे लागलं, नमुन्याची फुगण्याची टक्केवारी, सुचवलेल्या पायाचा प्रकार, लाल रेषेची पातळी आणि जोत्याची पातळी, खाली संरचना अभियंत्याची सही. दोन तपासण्या: पहिली पीसीसीआधी, दुसरी जोतं भरण्याआधी. माणसं कमी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. तारीख आणि जागेची नोंद असलेले फोटो चालतील, दहातल्या एका ठिकाणी मात्र अचानक जा. छोट्या प्लॉटांची परवानगी सोपी झाली ते चांगलंच आहे, हे पान त्यांनाही लागू ठेवा, कारण छोट्या घराला काळ्या मातीचा त्रास जास्त.

लेआउट मंजूर करतानाच विकासकाकडून दर एकरी दोन खड्ड्यांचा अहवाल घ्या आणि कार्यालयात लावा, म्हणजे प्रत्येक प्लॉटधारकाला सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. घरकुलांसाठी हा खर्च लाभार्थ्यावर टाकू नका. घरकुलाचं अनुदान मोजकंच असतं, त्यातून खड्डा आणि चाचणी निघणार नाही. गावात एका वस्तीला एक अहवाल ग्रामपंचायतीनं करून ठेवला तरी पुरे.

खोदाईचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. नमुना पान आणि पायाची चार प्रमाण ड्रॉइंग आम्ही तयार करून द्यायला तयार आहोत, विनामूल्य. सप्टेंबरअखेर परिपत्रक निघालं तर याच वर्षीच्या घरांना ते लागू होईल.

आपले,
गोदाकाठी घरं बांधणारे अभियंते, ठेकेदार आणि मिस्त्री